१०७ व्या रस्त्यावरची साक्ष

संगीतकाराचं घर जपून त्याचं संग्रहालय करायचं, ही कल्पना मुळातच थोडी अडचणीची आहे. चित्रकाराच्या घरात चित्रं टांगता येतात, लेखकाच्या घरात हस्तलिखितं मांडता येतात. गवयाच्या किंवा वादकाच्या घरातून मात्र ज्या गोष्टीसाठी आपण तिथे जातो नेमकी तीच निघून गेलेली असते. मागे उरतो पलंग, चष्मा, काठी, भिंतीवरचा फोटो. त्यामुळे अशा घरांना खरेपणाचा काहीतरी आधार शोधावा लागतो आणि तो पुष्कळदा डळमळीत निघतो. जर्मनीत आयझेनाख गावी बाखचं जन्मघर म्हणून १९०७ मध्ये एक घर लोकांसाठी खुलं झालं. पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की बाख जन्मला ते घर गावात दुसरीकडे होतं. संग्रहालय तरीही चालू राहिलं, आणि चांगलं चाललं. लंडनच्या ब्रूक स्ट्रीटवर हँडल ३६ वर्षं राहिला आणि १७५९ मध्ये तिथेच वारला. वास्तू खरी, पण आतलं सामान केव्हाच पांगलेलं; २००१ मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा मृत्यूनंतर केलेल्या सामानाच्या यादीवरून तशाच वस्तू जमवून खोल्या पुन्हा सजवाव्या लागल्या. या दोन्हींच्या तुलनेत न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात, कोरोना नावाच्या वस्तीत (नाव जुनं आहे, साथीशी त्याचा संबंध नाही) जॅझचा ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग याचं जे घर आहे त्याची बाजू भक्कम आहे: वास्तू खरी, सामान त्याचंच, आणि मालकाचा आवाजही तिथेच साठवलेला. पण खरेपणा ही काही या घराची सर्वांत मोठी बाजू नाही. जॅझबद्दल ते फारसं काही सांगत नाही. आर्मस्ट्राँगवर हयातीत जो आरोप झाला आणि मेल्यावरही मिटला नाही, त्या आरोपाच्या संदर्भात मात्र हे घर म्हणजे उपलब्ध असलेला सर्वांत बोलका पुरावा आहे, आणि ते तसंच वाचलं पाहिजे.

आधी तो आरोप नीट मांडायला हवा, कारण तो उथळ लोकांनी केलेला नव्हता. आर्मस्ट्राँग १९०१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये अत्यंत गरिबीत जन्मला. १९२५ ते १९२८ या काळात ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ या नावांनी त्याने जी ध्वनिमुद्रणं केली त्यांनी जॅझचं रूपच पालटलं. सगळ्यांनी मिळून एकदम वाजवायच्या त्या संगीतात एकट्या वादकाने पुढे यायचं आणि सुसंगत बढत करत जायचं, ही रीत त्याच्यामुळे पक्की झाली. ट्रंपेटवरचं त्याचं प्रभुत्व कोणीच नाकारलं नाही. आक्षेप होता तो रंगमंचावरच्या माणसावर. तोंडभर हसू, हातात पांढरा रुमाल, फिरवलेले डोळे, आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून वाट्याला आलेल्या हरकाम्याच्या किंवा विदूषकाच्या भूमिका. १९४९ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवात तो ‘झुलूंचा राजा’ म्हणून तोंडाला रंग फासून मिरवला. त्याच्या गावच्या कृष्णवर्णीयांच्या लेखी तो मोठा मान होता. उत्तरेकडच्या शिकलेल्या तरुण कृष्णवर्णीयांना मात्र त्यात गोऱ्यांच्या करमणुकीसाठी स्वतःची विटंबना करून घेणारा माणूस दिसला. डिझी गिलेस्पी या पुढच्या पिढीतल्या ट्रंपेटवादकाने त्याला मळ्यावरच्या गुलामाच्या पठडीतला ठरवलं. त्याच पिढीतला ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस त्याच्या वादनाचा मनापासून चाहता होता, पण त्याच्या त्या हसण्याचा त्याला तिटकारा होता. ज्या पिढीने रंगमंचावर प्रेक्षकांकडे पाठ करण्याचंही स्वातंत्र्य मिळवलं, त्या पिढीला ते हसू लाजिरवाणं वाटणं साहजिक होतं. मुद्दा इतकाच की ते हसू माणसाचं होतं की धंद्याचं, हे प्रेक्षागृहात बसून ठरवता येत नाही. त्यासाठी माणूस घरी कसा होता हे पाहावं लागतं.

आणि या माणसाला घर फार उशिरा मिळालं. न्यू ऑर्लिन्समधलं त्याचं जन्मघर १९६० च्या दशकात पाडलं गेलं. सरकारी इमारतींसाठी ती जागा हवी होती. त्याच शहराने २००१ मध्ये विमानतळाला त्याचं नाव दिलं. १९२२ मध्ये किंग ऑलिव्हर या ज्येष्ठ वादकाच्या बोलावण्यावरून तो शिकागोला गेला तेव्हापासून त्याचं आयुष्य आगगाड्या, बस आणि हॉटेलं यांत गेलं, आणि तीही कृष्णवर्णीयांना खोली देणारी हॉटेलं. १९४२ मध्ये त्याने लुसील विल्सनशी लग्न केलं. हे त्याचं चौथं लग्न. लुसील हार्लेममधल्या कॉटन क्लबात नर्तकी होती. त्या क्लबात उजळ कांतीच्या मुली निवडण्याचा रिवाज होता आणि गडद वर्णाची असूनही तिथे शिरकाव करून घेतलेली म्हणून ती ओळखली जाई. तिला घर हवं होतं. नवऱ्याला हॉटेलात काही कमी वाटत नव्हतं. १९४३ मध्ये तो दौऱ्यावर असताना तिने १०७ व्या रस्त्यावर, ३४-५६ क्रमांकाचं, १९१० च्या सुमाराचं एक दुमजली घर घेऊन टाकलं. दौरा संपवून तो टॅक्सीने त्या पत्त्यावर आला तेव्हा टॅक्सीवाला आपली चेष्टा करतोय असंच त्याला वाटलं, हे पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. या खरेदीचं वजन कळायला तेव्हाचा काळ आठवावा लागतो. अमेरिकेतल्या असंख्य खरेदीखतांत घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही अशी अट घातलेली असे, आणि अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ मध्ये. कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या घरांना कर्ज मिळणं सरकारी धोरणानेच अवघड करून ठेवलेलं. अशा दिवसांत एका कृष्णवर्णीय बाईने, नवऱ्याला न विचारता, बहुसंख्य गोऱ्या कामकरी लोकांच्या वस्तीत घर घेतलं. या संग्रहालयाच्या इतिहासातली पहिली कृती तिची आहे. आर्मस्ट्राँगची नव्हे.

घर साधं आहे. बाहेरून पाहिलं तर शेजारच्या घरांतून ते वेगळं काढता येत नाही. घराला विटांचं दर्शनी आवरण घालायचं ठरलं तेव्हा आपलंच घर झगमगून इतरांना ओशाळं वाटू नये म्हणून लुसीलने शेजाऱ्यांच्या घरांनाही ते घालून देण्याची तयारी दाखवली, असं सांगतात. आत शिरल्यावर मात्र पैसा कुठे खर्च झाला ते दिसतं. तळमजल्यावरची न्हाणी चारही बाजूंनी आरशांची, नळ सोनेरी मुलाम्याचे. स्वयंपाकघर निळ्या रंगात न्हालेलं: वळणदार कडांची चकचकीत निळी कपाटं, फ्रिजलाही त्याच निळ्याचं दार, मिक्सर ओट्यातच बसवलेला. सहा शेगड्यांची, दोन ओव्हनांची लांबलचक गॅसशेगडी आहे, आणि ती श्री. व सौ. आर्मस्ट्राँग यांच्यासाठी खास बनवली असं सांगणारी कंपनीची पट्टी तिच्यावर आहे. गरिबीतून वर आलेल्या मुलाच्या ठरावीक कथांपेक्षा ही पट्टी जास्त सांगते. दुसऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईच्या मुलाच्या आणि सुनेच्या नावाने कारखान्याने शेगडी घडवली. आर्मस्ट्राँगची आई मोलमजुरी करणारी होती. दिखाऊपणा म्हणायचा तर तो आहे, पण तो रस्त्यावरून दिसत नाही. घराचं तोंड शेजाऱ्यांसारखं ठेवायचं आणि श्रीमंती मागच्या खोलीत ठेवायची, हा विचारपूर्वक केलेला हिशेब आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे सगळं लुसीलचं आहे. वॉलपेपर तिने निवडले, निळा रंग तिने निवडला. वर्षातला बहुतेक काळ नवरा दौऱ्यावर. शिवाय ती १९८३ पर्यंत याच घरात राहिली, म्हणजे आज दिसतात त्या खोल्या नवऱ्यामागे बारा वर्षं जगलेल्या विधवेच्या खोल्या आहेत. मग या घरावरून आर्मस्ट्राँगबद्दल निष्कर्ष काढायचे कसे? वस्तुस्थिती मान्य केलीच पाहिजे. निष्कर्ष मात्र मला उलटा वाटतो. एकट्या प्रतिभावंताचं देवघर, अशी संगीतकारांच्या घरांची मांडणी इतकी रूढ झाली आहे की घर हे दोघांचं असतं हेच विसरायला होतं. कोरोनातलं घर ते विसरू देत नाही. आणि ज्या प्रश्नाचा आपण विचार करतोय, म्हणजे हा माणूस गोऱ्या मालकांच्या मर्जीवर जगणारा होता का, त्यासाठी लुसीलची साक्ष उपयोगाचीच आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या बोलावण्यावर वाजवलं तो घरात कुणाचं ऐकत होता? कृष्णवर्णीय बायकोचं, आणि तेही राजीखुशीने. भिंतींच्या बाबतीत त्यांचं वाजतही असे. आपल्या अभ्यासिकेच्या भिंती आणि छतसुद्धा तो कात्रणं चिकटवून भरून टाकी. ते तिला पटत नव्हतं, आणि अखेर भिंती तिच्या झाल्या. या घरात त्याच्या वाट्याला आलेली खरी हक्काची जागा म्हणजे वरच्या मजल्यावरची ती अभ्यासिका. तिथे काय झालं ते पुढे येईलच.

दुसरा आक्षेप पैशाचा. कुणी म्हणेल, साध्या गल्लीत राहण्याचं कौतुक कशाला. त्याचे व्यवहार १९३५ पासून जो ग्लेझर या गोऱ्या व्यवस्थापकाच्या हातात होते, कमाईतला मोठा वाटा तिकडे जात होता, आणि कदाचित मोठं घर त्याला परवडतच नसेल. ग्लेझरशी असलेल्या नात्यात लाचारीचा अंश होता का, हा प्रश्न खरा आहे, आणि हे घर त्याचं उत्तर देत नाही. पण परवडण्याचा मुद्दा टिकत नाही. १९६४ मध्ये ‘हेलो, डॉली!’ या गाण्याने बीटल्सना अमेरिकेच्या यादीतल्या पहिल्या क्रमांकावरून खाली ओढलं, तेव्हा आर्मस्ट्राँग साठी ओलांडलेला होता आणि जगातला सर्वांत ओळखीचा वादक होता. याच क्वीन्समध्ये, सेंट ऑल्बन्सच्या अ‍ॅडिस्ली पार्क भागात काउंट बेसी, एला फिट्झजेराल्ड, लीना हॉर्न अशी बडी कृष्णवर्णीय मंडळी झाडाझुडपांतल्या ऐसपैस घरांत राहत होती. तिकडे जाणं त्याला सहज शक्य होतं. मोठ्या घरात जाण्याचा विषय निघाला तेव्हा नकार त्याचाच होता. आयुष्याच्या अखेरीस त्याने आपल्या शेजारावर एक छोटा लेख लिहिला. गल्लीतली मुलं, पिढ्यान् पिढ्या बदलत गेलेली पण न हललेली कुटुंबं, हे त्याचं त्यातलं वैभव. त्याच्या दारच्या पायऱ्यांवर मुलांच्या घोळक्यात ट्रंपेट घेऊन बसलेला तो, हे छायाचित्र प्रसिद्ध आहे. प्रसिद्धीसाठी काढलेलं होतं, मान्य. पण मुलं भाड्याने आणलेली नव्हती, ती त्याच गल्लीत राहत होती. ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’ हे १९६७ चं गाणं आपल्याला कोरोनातल्या गल्लीची आठवण करून देतं, असं त्याने सांगितलं आहे. भाबडं म्हणून ज्या गाण्याची टिंगल होते त्याला एक ठरावीक पत्ता आहे, हे कळलं की निदान टिंगल करताना थोडा विचार करावा लागतो.

आता ती अभ्यासिका. लाकडी तक्तपोशी, मेज, पुस्तकं, ध्वनिमुद्रिका आणि भिंतीत बसवलेले दोन रीळ फिरणारे टेपरेकॉर्डर. भिंतीवर त्याचं एक चित्र आहे. ते गायक टोनी बेनेटने काढलेलं, मूळ आडनावाने सही केलेलं. आर्मस्ट्राँगने टेपरेकॉर्डर विकत घेतला तो १९५० च्या अखेरीस, आणि पुढची २० वर्षं तो दौऱ्यावर आणि घरी सतत टेप करत राहिला. जवळपास ६५० टेप मागे राहिल्या. त्यांत जुन्या तबकड्यांच्या नकला आहेत, तबकडीबरोबर त्याचं ट्रंपेट वाजवणं आहे, कपडे बदलायच्या खोलीतल्या गप्पा, ओंगळ विनोद, जेवणाच्या टेबलावरचा गोंगाट, बायकोशी झालेली हुज्जत आहे. टेपच्या चौकोनी पुठ्ठ्याच्या खोक्यांवर त्याने कोलाज केलं. मासिकातून कापलेला स्वतःचा चेहरा, कार्यक्रमपत्रिकेचा तुकडा, एखादं शुभेच्छापत्र, कुणा मित्राचं चित्र, एखाद्या मथळ्यातली तिरकी अक्षरं. हे सगळं एकमेकांवर चढवून चिकटवायचं आणि वरून पारदर्शक चिकटपट्टीचे पट्टे शेजारी शेजारी ओढून झिलई द्यायची. चिकटपट्टी कालांतराने पिवळी पडली, त्यामुळे आज त्या खोक्यांना मधाचा रंग आला आहे. टेपना क्रमांक आणि हाताने लिहिलेली सूचीही त्याने केली. हा नुसता विरंगुळा नव्हता. शाळा अर्धवट सुटलेल्या, सुधारगृहात वादनाची धुळाक्षरं गिरवलेल्या या माणसाकडे टाइपरायटर होता, आत्मचरित्रं होती, शेकडो पत्रं होती. स्वतःचा दप्तरखानाच तो उभारत होता. वंशद्वेषाच्या ज्या गोष्टी मुलाखतीत हसण्यावारी जात, त्या इथे संतापाने, शिव्यांसकट सांगितलेल्या सापडतात. हे हसू धंद्याचं होतं, ते त्याला पुरेपूर माहीत होतं, आणि तो धंदा त्याने किती मोल देऊन केला हेही माहीत होतं, असं या टेप ऐकल्यावर मानणं भाग पडतं.

टेपवर बोलणाराही कलावंतच ना, असा आक्षेप यावर घेता येतो. माइक समोर आहे हे ठाऊक असलेला माणूस घरातही भूमिका करू शकतो. सूची करणारा तर पुढच्या पिढीला डोळ्यांसमोर ठेवूनच बोलतो. खरं आहे, आणि म्हणूनच एकट्या टेपवर विसंबू नये. पण घरातल्या आवाजाची पडताळणी करण्याइतका बाहेरचा पुरावा आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गव्हर्नर फॉबसने सैनिक उभे करून अडवलं. त्या सुमारास नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स गावी कार्यक्रमासाठी आलेल्या आर्मस्ट्राँगने लॅरी ल्युबेनॉव या २१ वर्षांच्या वार्ताहरापाशी गव्हर्नरला अर्वाच्य भाषेत आणि अध्यक्ष आयझेनहॉवरला नेभळट म्हणून झोडपून काढलं. सरकारतर्फे सोव्हिएत रशियाला जाण्याचा बेत आपण सोडल्याचंही जाहीर केलं. बातमी इतकी अनपेक्षित होती की वृत्तसंस्थेला ती खरी वाटेना. वार्ताहर दुसऱ्या दिवशी मजकूर घेऊन पुन्हा गेला, आणि आर्मस्ट्राँगने त्यावर पसंतीचा शब्द लिहून सही केली. त्याच्या दौऱ्याच्या व्यवस्थापकाने सारवासारव केली ती त्याने फेटाळली. त्याच्यावर बहिष्काराची भाषा झाली, कार्यक्रमांवर परिणाम झाला. कृष्णवर्णीय नामवंतांतलेही सगळे पाठीशी उभे राहिले नाहीत. दुसरं उदाहरण जास्त शांत आणि माझ्या मते जास्त भारी. लुइझियानाने १९५६ मध्ये गोऱ्या-काळ्यांनी एकत्र कार्यक्रम करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. आर्मस्ट्राँगच्या ताफ्यात दोन्ही वर्णांचे वादक होते. त्याने जन्मगावी वाजवणं सोडलं, आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा झाल्यावर १९६५ मध्ये तो तिथे परतला. घोषणा नाही, मोर्चा नाही. फक्त वर्षानुवर्षं न जाणं. पुढे तो पुरला गेला तोही न्यू ऑर्लिन्सला नव्हे, क्वीन्समध्येच, फ्लशिंगच्या दफनभूमीत. हे सगळं टेपवरच्या आवाजाशी जुळतं, आणि रंगमंचावरच्या हसण्याशी जुळत नाही. गिलेस्पी पुढे कोरोनातच, जवळच राहायला आला. दोघांची मैत्री झाली. १९७९ मधल्या आपल्या आत्मकथनात त्याने जुनं मत बदललं. वंशद्वेषाला आपला आनंद हिरावू द्यायचा नाही असा तो नकार होता, हे त्याला पटलं होतं. शेजारी म्हणून राहिल्याने तो निष्कर्ष आला असं म्हणायला लेखी आधार नाही. पण निकाल बदलणारा न्यायाधीश योगायोगाने त्याच वस्तीतला होता, एवढं नोंदवून पुढे जाऊ.

या घराच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर युक्तिवाद भक्तीकडे झुकेल. १९२५ ते १९२८ चं संगीत कसं घडलं याबद्दल इथे जवळजवळ काही नाही. ते शिकागोत घडलं, आणि त्यात दुसऱ्या पत्नीचा, पियानोवादक लिल हार्डिनचा मोठा हात होता. तिची सावलीही या खोल्यांत पडत नाही. हे उतारवयाचं, स्थिरावलेल्या माणसाचं घर आहे. तो ६ जुलै १९७१ रोजी याच घरात झोपेत गेला. आणि घर टिकलं तेही थोरपणामुळे आपोआप टिकलं नाही. १९७६ मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा लुसील हयात होती. तिने मृत्यूनंतर घर आतल्या सामानासह न्यूयॉर्क शहराकडे जाईल अशी तजवीज केली. व्यवस्था क्वीन्स कॉलेजकडे आली. टेप, ८६ कात्रणवह्या, हजारो छायाचित्रं आधी त्या कॉलेजात नेऊन लावण्यात आली आणि १९९४ मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. घर लोकांसाठी उघडलं ते ऑक्टोबर २००३ मध्ये. म्हणजे लुसीलनंतर २० वर्षं. दप्तर मध्यंतरी घरापासून लांब होतं, ते २०२३ मध्ये रस्त्यापलीकडे बांधलेल्या नव्या केंद्रात पुन्हा गल्लीत आलं. आज छोट्या गटांना घर दाखवतात आणि त्या त्या खोलीत तिथल्याच टेपचा एखादा तुकडा वाजवतात. खुर्च्यांवर बसता येत नाही, वस्तूंना हात लावता येत नाही. पण जेवणाच्या टेबलाशी उभं राहून त्याच टेबलावरची बडबड ऐकायला मिळते, आणि त्या बडबडीत तो कुणाच्या मर्जीसाठी हसत नाही, हे कानाला कळतं.

शेवटचा आक्षेप आपल्याकडून येऊ शकतो. संगीताला घराचं काय. ते गाऊनच जपायचं असतं. मिरजेत अब्दुल करीम खाँ साहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं, पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या नावाने महोत्सव होतो, तिकडे तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गायक एकत्र गातात. या परंपरेपुढे आरशांची न्हाणी आणि निळी कपाटं जपणं पोरकटपणाचं वाटू शकतं. संगीत जपण्याचा सवाल असेल तर मी या आक्षेपाच्या बाजूचा आहे; वर म्हटलं तसं, संगीत या घरात नाहीच. पण पुण्यतिथीला जपली जाते ती गायकी, माणसाची गोष्ट तिथे मोठी होत होत पुराण बनते. कलावंताने कुणापुढे का वाकलं, कुठे वाकलं नाही, कमाई कुणाकडे गेली, घरी आल्यावर तो कसा बोलला, हे प्रश्न मैफलीत विचारताच येत नाहीत. आणि हे प्रश्न आपल्याकडे नाहीत असं नाही. आर्मस्ट्राँगचाच धागा धरायचा तर गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनिओ झेव्हियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, मुंबईच्या ताज हॉटेलात ट्रंपेट वाजवायचा आणि मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जायचा. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात पाश्चात्त्य तालांची जी धमाल उडवली तिच्यामागे त्याचा हात होता, तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच्यासारख्या कितीतरी गोवेकर वादकांनी हिंदी चित्रपटगीतांचे वाद्यमेळ लिहिले, बसवले आणि वाजवले, पण बहुतेकांची नावं पडद्यावर आली नाहीत. त्यांना त्याचं काय वाटत होतं? ते आज जे काही कळतं ते मुख्यतः अलीकडच्या १५-२० वर्षांत ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी हयात असलेल्या वादकांना गाठून, त्यांच्या घरातले जुने फोटो आणि कागद पाहून लिहिलेल्या पुस्तकांमुळे. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला होता, म्हणून त्याच्याबद्दल जे आहे ते दुसऱ्यांच्या तोंडचं आहे.